नागपाड्यातील घर आणि जामखेडचा कोयता

१/ ‘मिशनरी आले, आमिष दाखवले, बाटवून गेले’ हे एक वाक्य. ‘मिशनऱ्यांनीच आम्हांला माणूस केले’ हे दुसरे. अहमदनगर जिल्ह्यातील मिशनच्या इतिहासावरील चर्चा येथे या दोन वाक्यांपुढे सरकत नाही. दोन्ही पक्षांची वही मात्र एकच: बाप्तिस्मे किती झाले? हा धागा त्या वहीविरुद्ध आहे.

२/ अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ साली मुंबईत उतरली. १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचे मोठे ठाणे झाले. शाळा, वसतिगृहे, दुष्काळातील अनाथालये हे पुष्कळांना ठाऊक असते. याच मिशनने १९२७ साली मुंबईच्या नागपाड्यात जे उभारले, त्याचे नाव मात्र निंदकही घेत नाहीत आणि भक्तही नाहीत.

३/ १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील दर १०० रहिवाशांपैकी सुमारे ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते. गिरणीत काम मिळायचे ते जॉबरच्या मर्जीने, आणि एका खोलीत किती माणसे झोपत याची मोजदाद न केलेली बरी. नागपाड्यात तर मराठी कामकऱ्यांच्या शेजारी मुसलमान होते, बेने इस्रायली होते, बगदादी यहुदी होते. बहुतेकांचे गाव दुसरीकडेच.

४/ अशा वस्तीत क्लिफर्ड मॅनशार्ट हे शिकागोत शिकलेले अमेरिकन पाद्री आले. शिकागोत इटली, पोलंड, ग्रीसमधून आलेल्या स्थलांतरितांसाठी जेन ॲडम्स यांनी १८८९ साली हल हाऊस सुरू केले होते. ग्रॅहम टेलर या पाद्र्याने १८९४ मध्ये शिकागो कॉमन्स. परक्या शहरात आलेल्या माणसाच्या वस्तीतच जाऊन राहावे, प्रथम त्याचा शेजारी व्हावे, एवढीच ती कल्पना. मॅनशार्टांच्या ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’मध्ये वाचनालय होते, वर्ग होते, व्याख्याने होती, खेळ होते. धर्मांतर हा तेथील हेतू नव्हता.

५/ १९३६ साली याच घरात सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. ‘आमिष’वाल्यांनी सांगावे, यात गळ कुठे होता? आणि गौरव करणाऱ्यांनीही थोडे थांबावे. १८१३ ते १९२७ म्हणजे ११४ वर्षे. शहरात नव्याने आलेल्या कामकऱ्याच्या दारात असे घर उभे राहायला इतका काळ लागला, आणि तोवर मिशनचे स्वतःचे अहवालही बाप्तिस्मेच मोजत होते. ती वही आजच्या भांडखोरांनी शोधलेली नाही, ती मिशनच्याच कपाटातली आहे.

६/ मी जामखेडचा. आमच्याकडे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. जग ते पाहायला येते. अभिमान मलाही आहे. परंतु ती सेविका गावात असते, आणि गावाचा मोठा भाग दिवाळीच्या सुमारास गावात राहत नाही.

७/ मुकादमाकडून उचल घेतलेली, ‘कोयता’ म्हणून मोजली जाणारी नवरा-बायकोची जोडी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जाते. (गिरणीतला जॉबर आणि फडातला मुकादम यांत फरक शोधणाऱ्यास माझ्याकडून चहा.) काही ठिकाणी साखरशाळा आहेत. उरलेल्या लेकरांना कोपीतच धाकट्या भावंडाकडे पाहावे लागते. माझ्या वर्गातले बाक दिवाळीनंतर रिकामे होत आणि ते उन्हाळ्याच्या तोंडाशी भरत. हजेरी घेताना त्या नावांशी गुरुजी थांबत नसत.

८/ म्हणून चर्च, देवस्थान, मशीद आणि समाजकार्याच्या पदव्या देणारी विद्यालये, सर्वांनाच एक प्रश्न. धर्मांतराच्या बाजूने आणि विरोधात तुम्ही इतके मेळावे घेता; तुमच्यापैकी कोणी गळिताच्या हंगामात कोप्यांच्या शेजारी सहा महिने राहिले आहे का? असल्यास खाली कारखान्याचे गाव आणि वर्ष लिहा.