फुकटच्या सॉफ्टवेअरचे ओव्हरहॉलिंग कोणी करायचे?

विस्तारवाढीचे काम हाती घ्यायचे म्हटले की शेकडो कामे एकमेकांत गुंततात. पाया भरल्याशिवाय बॉयलर उभा राहत नाही, इन्स्पेक्टरचा दाखला आल्याशिवाय तो पेटत नाही, आणि तो वेळेवर पेटला नाही तर तुमचा-आमचा ऊस फडातच वाळतो. पूर्वी चीफ इंजिनिअरच्या खोलीत या सगळ्याचा तक्ता भिंतीवर टांगलेला असे. आता हेच काम संगणकावरील सॉफ्टवेअर करते. कोणते काम कोणाकडे, किती झाले, खर्च कुठवर आला, हे एका नजरेत दिसते. सोय मोठी आहे, यात वाद नाही.

मात्र असे काही घ्यायची चर्चा निघाली की सभासद बंधूंचा पहिला प्रश्न ठरलेला, "केवढ्याला पडेल?" आणि कोणी म्हणाले की फुकटही मिळते, तर लगेच "मग घ्या की!" आम्हांस वाटते, खरा प्रश्न निराळा आहे. दहा वर्षांनी ते सांभाळणारा कोण?

रेडमाइन नावाचे असे एक सॉफ्टवेअर आहे. ज्याँ-फिलिप लांग यांनी ते २००६ साली सर्वांसाठी खुले केले. पुढे कामाची गती आणि निर्णय कोणी घ्यायचे यावरून कुरबूर झाली, आणि २०११ मध्ये काही मंडळींनी वेगळी चूल मांडून चिलीप्रोजेक्ट काढले. माणसे हुशार होती, हेतूही चांगला होता. पण २०१५ पर्यंत त्याची देखभाल थांबली. ज्यांनी त्यावर आपला कारभार बसवला होता, त्यांना बिऱ्हाड हलवावे लागले.

सॉफ्टवेअर काही लोखंडाचे नाही, ते झिजेल कसे, असे कोणी म्हणेल. ते झिजत नाही, पण त्याच्या खालची जमीन सरकते. रेडमाइन आणि त्याची भावंडे रुबी ऑन रेल्स नावाच्या पायावर उभी आहेत. त्या पायाच्या नव्या आवृत्त्या येत राहतात आणि जुन्यांच्या सुरक्षेची डागडुजी बंद होते. म्हणजे हात न लावलेले सॉफ्टवेअरही दरवर्षी थोडे धोक्याचे होत जाते. आपण ऑफ-सिझनला मिलचे रोलर उतरवतो, बॉयलरच्या ट्यूबा साफ करतो, तसेच हे काम आहे. फरक एवढाच की रोलर झिजला तर डोळ्यांना दिसतो.

चिलीप्रोजेक्टमधूनच निघालेले ओपनप्रोजेक्ट मात्र आजही चालू आहे. त्याचा कोड खुला आहे, मूळ आवृत्ती फुकट आहे. पण बर्लिनची एक कंपनी वार्षिक वर्गणी घेऊन मदत आणि काही जादा सोयी देते, आणि त्या पैशातून माणसे पगारावर ठेवून काम चालवते. काही सोयी पैसे देणाऱ्यालाच मिळाव्यात, हे आम्हांस तितकेसे रुचत नाही. तरी पगारी माणूस असलेला बरा.

नुसते पैसे मोजले म्हणजे निर्धास्त झालो, असेही समजू नये. जिरा हे विकतचे सॉफ्टवेअर अनेक संस्थांनी कायमचा परवाना घेऊन आपल्याच सर्व्हरवर बसवले होते. कंपनीने २०२१ मध्ये त्या आवृत्तीची नवी विक्री थांबवली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आधारही काढून घेतला. परवाना कायमचा, देखभाल मात्र संपली! तिथे कोडही खुला नव्हता, त्यामुळे दुसऱ्याने पुढे चालवावे, ही वाटच नाही.

सबब आमचे मत असे की खुल्या कोडचे घ्यावे, पण फुकटात घेऊ नये. मशिनरीच्या दुरुस्तीला अंदाजपत्रकात जशी तरतूद असते तशी याला दरवर्षी असावी, आणि ती वार्षिक सभेपुढे वेगळी दाखवावी. वापर शिकलेली माणसे किमान दोन असावीत, कारण एकच असला आणि नोकरी सोडून गेला की सगळे त्याच्याबरोबर जाते. आणि दर ऑफ-सिझनला एकदा सगळी माहिती बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर ती उघडते का, हे संचालकांसमक्ष पाहावे.