डॉक्टर मोबाइलमध्ये बघतात, तेव्हा काय बघतात?

रात्री दोन वाजता कल्याणमधल्या एखाद्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत तुम्ही अंगभर पुरळ उठलेल्या नातेवाइकाला घेऊन गेलात आणि ड्युटीवरचे डॉक्टर मोबाइल काढून वाचू लागले, तर तुम्हाला काय वाटेल? बहुतेकांना वाटतं, 'यांना काही येत नाही, गुगल करताहेत!' माझं मत उलट आहे. त्या वेळी तिथे त्वचारोगतज्ज्ञ बसलेला नसतो. छातीत दुखणारा, लोकलमधून पडलेला, साप चावलेला असे सगळे पेशंट बघणाऱ्या डॉक्टरने क्वचित दिसणाऱ्या आजाराची माहिती पुन्हा वाचून घेतली, तर त्यात तुमचाच फायदा आहे. प्रश्न आहे तो काय वाचलं याचा.

स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचं उदाहरण घ्या. फिटचं, युरिक ॲसिडचं किंवा सल्फाचं औषध सुरू केल्यावर साधारण ४ ते २८ दिवसांत काही थोड्या लोकांना ही रिॲक्शन येते. ताप येतो, डोळे चुरचुरतात, तोंडात फोड येतात, त्वचा दुखते आणि मग सुटू लागते. सुरुवातीला मात्र हे गोवर किंवा साध्या ॲलर्जीसारखं दिसू शकतं. यावर इंटरनेटवर भरपूर लेख आहेत. पुष्कळ लेखांत आधी १९२२ साली याचं वर्णन करणाऱ्या दोन डॉक्टरांची माहिती, मग सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो. परीक्षेला उत्तम! पण कॅज्युअल्टीत तीनच गोष्टी तातडीने लागतात: कोणतं औषध बंद करायचं, किती त्वचा सुटली आहे आणि पेशंटला कुठे पाठवायचं. पेशंटचा बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. १० टक्क्यांहून जास्त त्वचा सुटली असेल, तर आयसीयू किंवा जळीत विभागच हवा. हे पहिल्याच स्क्रीनवर सांगणारं साधं पान मला चाळीस मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा मोलाचं वाटतं.

दुसरी कसोटी फोटोंची. पुस्तकातला 'लाल चट्टा' बहुतेक वेळा गोऱ्या कातडीवरचा असतो. आपल्या सावळ्या अंगावर तोच चट्टा जांभळट, करडा किंवा नुसता जास्त काळा दिसतो आणि नजरेतून सुटतो. २०२० साली लंडनमधल्या मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने शिक्षकांच्या मदतीने 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली, ती नेमकी याच त्रुटीवर. न्यूझीलंडचं 'डर्मनेट' १९९६ पासून मोफत आहे आणि चांगलं आहे. तरी आपल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचं नियतकालिकही इंटरनेटवर मोफत वाचता येतं. आपल्याकडच्या डॉक्टरने तेही उघडावं, कारण त्यातले पेशंट आपल्यासारखे दिसतात.

आणि मराठीत शोधलं तर? 'नागीण' टाकून बघा. दूर्वा-तांदळाचा लेप सापडेल, मंत्र सापडेल, 'वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो' हेही सापडेल. हे शेवटचं खोटं आहे. नागीण हा एका नसेत दडलेल्या विषाणूचा आजार. फोड सहसा शरीराच्या एकाच बाजूला येतात. त्यावरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात उपयोगी, आणि लेपाच्या नादात नेमके तेच तास जातात. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. हे वाक्य नागिणीवरच्या प्रत्येक पानावर असायला हवं. ते नसेल, तर पान कितीही सुंदर असो, मी त्याला नापास करतो.

तुमच्याकडची माहिती मात्र कुठल्याच वेबसाइटवर नसते. गेल्या दोन महिन्यांत सुरू केलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत आणा, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेलीसुद्धा. कोणतं कधी सुरू केलं ती तारीख सांगा. निघताना हळद किंवा गेरू लावू नका, खालचा रंगच दिसत नाही. पुरळ पहिल्या दिवशी कसं होतं त्याचा उजेडात काढलेला फोटो असेल तर दाखवा, फक्त फिल्टर न लावलेला. पण ओठ सुजले असतील, श्वास लागत असेल किंवा त्वचा सुटत असेल, तर पाकिटं शोधत बसू नका. आधी १०८ लावा, पाकिटं मागून कोणीतरी घेऊन येईल.