कपाटातले बौद्ध ग्रंथ बाहेर काढा: धम्मबांधवांस ग्रंथदानाचे जाहीर आवाहन

पाली वाङ्मयात दानाचे दोन प्रकार सांगितले आहेत: अन्न, वस्त्र, निवारा यांसारख्या वस्तू देणे हे आमिसदान आणि बुद्धाचा उपदेश दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे हे धम्मदान, यांपैकी दुसरे श्रेष्ठ होय, असे धम्मपदाच्या तण्हावग्गात निःसंदिग्धपणे म्हटलेले आहे. अंगुत्तर निकायात पाच मच्छरिये, म्हणजे कंजूषपणाचे पाच प्रकार, मोजलेले असून त्यांत निवासस्थान, कुल, लाभ व प्रशंसा यांच्याबरोबर धम्माविषयीचा कंजूषपणाही येतो. स्वतः न वाचलेला आणि इतरांनाही न दिलेला ग्रंथ वर्षानुवर्षे काचेच्या कपाटात ठेवणे हे या पाचव्या प्रकारातच मोडते, हे समाजातील सुशिक्षित कुटुंबांना झोंबले तरी सांगणे भाग आहे.

या आवाहनास तातडीचे निमित्त घडले आहे. ऐन वर्षावासात एका उपनगरातील रद्दीच्या दुकानात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रती, धर्मानंद कोसंबींचे 'भगवान बुद्ध' आणि महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन व भाषणांचे जाडजूड खंड जुन्या वर्तमानपत्रांबरोबर किलोच्या भावाने विकलेले आढळले. त्यांतील काहींच्या पहिल्या पानावर चैत्यभूमीवरील खरेदीची तारीख होती आणि आतली पाने कोणी उलगडलेलीही नव्हती. ज्या घरातून हा गठ्ठा निघाला, त्या घराने नव्या सदनिकेत जाताना दूरचित्रवाणी संच काळजीपूर्वक नेला असणार, याविषयी शंका नसावी.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या याच तीन महिन्यांत वस्त्यावस्त्यांतील विहारांत ग्रंथवाचन चालते आणि तेथे एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात, कारण बहुतेक ठिकाणी प्रत एकच असते. २०११च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात आहेत आणि बौद्धांमधील साक्षरता सुमारे ८१ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहून वरचढ आहे. तेव्हा वाचणारे नाहीत ही सबब खोटी ठरते. वाचणारे आहेत, विकत घेणारेही आहेत, दीक्षाभूमीवर आणि शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांपुढे लोटणारी गर्दी सर्वांनी पाहिलेली आहे. घेतलेले पुस्तक पुढच्या हाती जात नाही, एवढीच उणीव आहे. शासनाच्या छापखान्यावर विसंबून राहण्यातही अर्थ नाही, कारण १९७९ पासून निघणाऱ्या बाबासाहेबांच्या खंडांचे काम इतके रेंगाळले की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

एका पुस्तकाने काय घडते, हे या समाजाला नव्याने शिकवण्याची गरज नसावी. कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेले आपले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र विद्यार्थिदशेतील भीमराव आंबेडकरांना सत्काराच्या सभेत भेट दिले; त्या वाचनाने जी ओढ लागली तिचा उल्लेख बाबासाहेबांनी पुढे स्वतः केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय झाले ते जगाला ठाऊक आहे. केळूसकर बौद्ध नव्हते, तरीही त्यांनी ग्रंथ दिला. परदेशातही हेच घडते. तैवानमधील तैपेई येथील एक बौद्ध प्रतिष्ठान दात्यांच्या पैशातून ग्रंथ छापून विनामूल्य वाटते आणि भदंत आनंद कौसल्यायन यांनी केलेला बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचा हिंदी अनुवादही त्याने छापला. ज्यांना देवनागरीचे एक अक्षर लागत नाही असे परके लोक हे करतात आणि येथील उपासक ते पुस्तक फुकट घेऊन माळ्यावर टाकतात, ही लाजिरवाणी गोष्ट होय.

आता आक्षेपांविषयी. जुने पुस्तक देणे हा ग्रंथाचा अपमान आहे असे मानणाऱ्यांनी रद्दीचा तराजू अधिक सन्मानाचा आहे काय, याचे उत्तर द्यावे. रेघा मारलेल्या प्रती देण्यास संकोचणाऱ्यांनी बाबासाहेबांच्या स्वतःच्या पुस्तकांतील रंगीत पेन्सिलीच्या खुणा आठवाव्यात. सर्व काही भ्रमणध्वनीवर मिळते, हा युक्तिवाद तर उत्तर देण्याच्याही योग्यतेचा नाही.

प्रत्येक कुटुंबाने येत्या रविवारी कपाट उघडावे, धूळ झटकून पुस्तके सावलीत हवेशीर ठेवावीत आणि कसर किंवा वाळवी लागलेल्या प्रती वेगळ्या काढाव्यात, कारण एक किडलेली प्रत विहाराचे सगळे ग्रंथालय खाऊन टाकते. पानांत ठेवलेल्या पावत्या, पत्रे व छायाचित्रे काढून घ्यावीत. पाली व्याकरणे, शब्दकोश आणि बाबासाहेबांच्या पाली शब्दकोशाचा समावेश असलेला सोळावा खंड यांची मागणी सर्वाधिक आहे; ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, सत्कार झाले, फटाके वाजले, परंतु वसतिगृहांतील पाली शिकणारी मुले अजून छायाप्रतींवर भागवतात. हिंदी व इंग्रजी पुस्तकेही चालतील. पंचांगे, लग्नपत्रिका आणि नेत्यांच्या वाढदिवसांचे गौरवअंक मात्र आणू नयेत.

बाहेरगावच्या दात्यांनी टपाल खात्याने मे २०२५ मध्ये सुरू केलेल्या ज्ञान पोस्ट या सेवेचा उपयोग करावा, कारण तीत ५ किलोपर्यंतचे पुस्तकांचे पुडके, कर वगळून, १०० रुपयांत जाते. हे ग्रंथ गोळा करणाऱ्या आमच्या समितीचे कार्यकर्ते, त्यांत गिरणीतून निवृत्त झालेले वयस्क उपासकही आहेत, कोणाकडून एक रुपयाही न घेता दारोदार फिरत आहेत आणि पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांचे फलक या कामासाठी कोठेही लावलेले नाहीत. असे सांगू शकणाऱ्या संस्था शहरात फार नाहीत. नोंदवही प्रत्येक विहारात ठेवलेली असून दात्याने त्यात पुस्तकाचे नाव लिहावे, स्वतःचे लिहिलेच पाहिजे असे नाही. आश्विन पौर्णिमेपर्यंत आलेले ग्रंथ प्रथम वसतिगृहांना, नंतर ग्रामीण विहारांना दिले जातील. रात्री विहाराच्या दाराशी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून निघून जाण्याचा प्रकार मागील पावसाळ्यात झाला आणि पुस्तके भिजली. तसे कोणी करू नये, सकाळच्या वंदनेच्या वेळी यावे आणि पुस्तके हातात द्यावीत.