वरातीआधी घोडी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, हा लेख घोडीबद्दल आहे आणि या घोडीला शेपूट नाही. चार पाय आहेत, पाठ आहे. पण ती हरभरे खात नाही, लाथ मारत नाही (नीट बनवली असेल तर) आणि नवरदेवाला घेऊन बँडच्या मागं मिरवतही नाही. लाकूड कापताना, त्याला रंधा मारताना ते ज्यावर आडवं टाकायचं, ते हे लाकडी जनावर. ते नेहमी जोडीनं राहतं. एकट्या घोडीचा उपयोग एकट्या चपलेइतकाच.

आणि माझं म्हणणं असं, की ज्या घरात करवत आहे पण घोड्यांची जोडी नाही, त्या घरातली करवत सरकारजमा करावी. मत जहाल आहे, मान्य. पण ते मला फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी मी वडिलांच्या झोपाळ्याची फळी मोजलेली आहे.

आम्ही राहतो सारसोळ्याला. पत्त्यात ‘नेरुळ, सेक्टर सहा’ असं लिहावं लागतं, नाहीतर कुरिअरवाला फोन करून करून जीव खातो. वास्तविक गाव आधीचं, सेक्टर नंतरचा. सिडकोचा जन्म १९७० सालचा. सारसोळ्याचे कोळी-आगरी त्याच्या कितीतरी आधीपासून खाडीत जाळी टाकत होते. मग शहर आलं, पाम बीच रस्ता आला, आणि गावाला शाळेतल्या मुलासारखा नंबर मिळाला. रस्त्याच्या अलीकडे आम्ही फ्लॅटवाले, पलीकडे जेट्टी, होड्या आणि खाडी. शिकण्यासारखं सगळं पलीकडे होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तर ती फळी. कोकणातलं घर विकलं तेव्हा वाटणीत कोणाला समई आली, कोणाला पितळी पातेली आली, मला झोपाळ्याची फळी आली. साडेपाच फूट लांब, पावणेदोन फूट रुंद, दीड इंच जाड, अखंड साग. वडिलांच्या आयुष्यातले सगळे निर्णय त्या फळीवर बसून झालेले. (काही चुकलेही, पण त्यात फळीचा दोष नव्हता.) फ्लॅटमध्ये झोपाळा टांगायला जागा नाही. मुलगी नववीत गेली, तिला अभ्यासाचं टेबल हवं होतं. म्हटलं, दीड फूट कापू, चार फुटांचं टेबल करू. आजोबांच्या फळीवर नात अभ्यास करेल. कल्पना इतकी सुंदर होती की तयारीची गरज आहे असं कोणालाच वाटलं नाही.

रविवारी सकाळी मी फळीचं एक टोक जेवणाच्या खुर्चीवर टेकवलं, दुसरं मोरीतल्या स्टुलावर. खुर्ची स्टुलापेक्षा चार बोटं उंच, म्हणून स्टुलावर जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या. वजन म्हणून मुलीला टोकावर बसवलं. ‘ही’ स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “खाली टेकू तरी नीट लावा.” मी म्हणालो, “पाच मिनिटांचं काम आहे.”

पाच मिनिटांचं काम, हे तीन शब्द मराठी घरांत जितकं नुकसान करतात तितकं वाळवीसुद्धा करत नसेल.

खुर्ची आणि स्टूल यांच्या बरोबर मधे मी करवत चालवली. निम्म्यावर आल्यावर फळीनं करवत गच्च पकडली. मी जोर लावला. डिरेक्टऱ्या सरकल्या, स्टूल कलंडलं, मुलगी उडी मारून बाजूला झाली आणि ती जिथं पाय सोडून बसली होती त्याच फरशीवर फळी दाणकन आदळली. कापलेल्या खाचेपासून लाकडाच्या रेषेरेषेनं दोन फूट चिरत गेली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मुलीचं पाऊल वाचलं, त्याबद्दल मी देवाचे आभार मानले. देवानं ते स्वीकारले असतील. हिनं मात्र माझ्याकडे जे पाहिलं, त्याचं वर्णन करत नाही.

दुसऱ्या दिवशी, चिरलेली फळी कोणी सांधून देईल का, हे विचारत मी जेट्टीवर गेलो. पावसाळा तोंडावर होता, होड्या दुरुस्तीला वर ओढलेल्या होत्या. एक म्हातारे सुतार एका होडीच्या पोटाखाली ओंडके आणि पाचरी ठोकत बसले होते. मी माझी कर्मकहाणी सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला,

“घोरी हाय का?”

मला वाटलं, मी झोपेत घोरतो का, असं विचारताहेत. या वयात वैद्यसुद्धा तेच विचारतात. मी म्हणालो, “थोडाफार.” तेव्हा त्यांनी शेजारच्या दोन लाकडी घोड्यांवर हात मारला. आगरी-कोळी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, हे मला तेव्हा आठवलं. “घोरी नाय, आन् करवत घेतली?” ते म्हणाले, “आदी घोरी, मंग होरी.”

होडीचं एक लाकूडही न कापता त्यांचा अर्धा दिवस नुसता टेकू लावण्यात गेला होता, आणि त्यांना त्याची घाई नव्हती की लाज नव्हती. या एका वाक्यावर मी गेली काही वर्षं लोकांशी भांडतो आहे. आपण मराठी लोक ‘वरातीमागून घोडं’ ही म्हण इतक्या प्रेमानं वापरतो, की वरातीच्या आधी घोडं आणता येतं हेच विसरून गेलो आहोत.

माझ्या विरोधकांचे तीन पक्ष आहेत. एकेकाचा समाचार घेतो.

पहिला पक्ष : “कशाला? सुताराला बोलवा.” हा पक्ष सुशिक्षितांचा. यांच्या शोकेसमध्ये सावंतवाडीच्या चितारआळीतला रंगीत लाकडी घोडा दिमाखात उभा असतो. पण काम करणारी लाकडी घोडी घरात आणली, की यांना ‘पसारा’ दिसतो. लाकडाचं जनावर नुसतं उभं राहिलं तर कला आणि कामाला लागलं तर कचरा, हा कुठला न्याय? १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी शिक्षण हस्तोद्योगातून द्यावं असं मांडलं. पुढं १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं कार्यानुभवाची शिफारस केली. आमच्या शाळेत त्या तासाला आम्ही कागदी फुलं केली. वर्षभर फुलंच. त्यातून मला एवढाच अनुभव आला, की कार्य नसलं तरी अनुभवाचे गुण मिळतात. हाताला काम न शिकवता नुसती जीभ शिकवली, त्याचं फळ म्हणजे हा पहिला पक्ष. सुताराला जरूर बोलवा. पण त्याच्यापुढेही तीच खुर्ची आणि तेच स्टूल ठेवता ना तुम्ही?

दुसरा पक्ष परंपरेचा. “आपला सुतार जमिनीवर बसूनच काम करायचा. पायानं लाकूड धरायचा. ही घोडीबिडी साहेबांची थेरं.” यातलं पहिलं खरं आहे. आपल्या जुन्या सुताराचा पाय हाच त्याचा शिकंजा होता. अंगठ्याच्या बेचक्यात फळी अशी धरायचा, की बघत राहावं. पण तो पाय लहानपणापासून तयार झालेला असायचा. आपला पाय काय शिकलाय? फार तर लोकलच्या दारात दुसऱ्याच्या पायावर उभं राहायला. शिवाय पन्नाशीत मांडी घातली तर उठताना दोन माणसं लागतात. आणि घोडी साहेबाची म्हणावी, तर सारसोळ्याच्या जेट्टीवरच्या त्या म्हाताऱ्या सुताराला ती कुठल्या साहेबानं नेऊन दिली होती?

तिसरा पक्ष सर्वांत धोकादायक. आमच्या मजल्यावरच त्याचे एक सभासद आहेत. “बाजारात प्लास्टिकची घडीची मिळते, घेऊन टाका.” या गृहस्थांकडे ड्रिल आहे, गोल पात्याची विजेवरची करवत आहे, लेझरची रेघ मारणारं यंत्र आहे, आणि हे सगळं ते जेवणाच्या टेबलावर चालवतात. त्या टेबलावर आता वरणाची वाटी ठेवली की वरण एका बाजूला जातं. विकतची घोडी वाईट नसते, मी खोटं बोलणार नाही. पण ती घेतली की धडा हुकतो. आठ पाय एका मापाचे कापायचे, एका कोनात बसवायचे, स्क्रूसाठी आधी भोक पाडायचं म्हणजे लाकूड फाटत नाही. या सगळ्या चुका आधी घोडीवर करून घ्यायच्या. खोक्याच्या लाकडावर चुकलात तर भंगार वाया जातं. वडिलांच्या सागावर चुकलात तर वडील वाया जातात. माणसानं चुका करायची जागा आधी तयार करावी आणि मग मौल्यवान वस्तूला हात लावावा, एवढंच माझं तत्त्वज्ञान आहे.

आता ती करायची कशी? नुसतं भांडून घोडी उभी राहत नाही. लाकूड भंगारातलं चालेल. न्हावा-शेवाचं बंदर १९८९ साली सुरू झालं. तेव्हापासून जगभरची यंत्रं पाईनच्या ज्या खोक्यांतून नि फळकुटांवरून उतरतात, ती आपल्या बाजूच्या भंगारवाल्यांकडे येतात. त्यांवर शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड नुसतं तापवून कीडमुक्त केलेलं, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे विषारी धुरी दिलेलं. ते घरात नको. एका जोडीला दोन बाय चार इंची लाकडाचे तीन-तीन फुटांचे दोन तुकडे पाठीसाठी आणि दोन फूट दोन इंचांचे आठ पाय. म्हणजे सगळं मिळून तेवीस फूट चार इंच. पाय सरळ उभे लावू नका, घोडी लाजेल आणि पडेल. फूटभर खाली येताना पाय सुमारे तीन इंच बाहेर गेला पाहिजे. पाठीत खाच पाडून पाय त्यात बसवा, फेव्हिकॉल लावा, प्रत्येकी दोन स्क्रू. दोन्ही टोकांना पायांच्या जोडीवर प्लायची आडवी पट्टी. पाठीवर एक फालतू पट्टी बसवा आणि तिचे स्क्रू खोल बुडवा. करवत लागली तर तिला लागेल, पाठीला नाही.

उंची गुडघ्याएवढी, दोन फुटांच्या आतबाहेर. म्हणजे लाकडावर गुडघा रोवता येतो आणि करवत वरून खांद्याच्या जोरानं चालते.

ती पहिल्या दिवशी डगमगेल. घाबरू नका. तीन पायांचं तिवई कुठंही ठाम उभी राहते. चौथा पाय आला की मतभेद सुरू होतात. हिवाळ्यात आमच्या नेरुळच्या पाणथळीत रोहित पक्षी येतात, ते एका पायावर उभे राहून झोपतात नि पडत नाहीत, हे पाहून मला माझ्या पहिल्या घोडीची फार लाज वाटली होती. उपाय सोपा आहे. सपाट जमिनीवर (मोरीकडे उतार असलेल्या फरशीवर नव्हे!) घोडी ठेवा, पायाखाली पाचरी सरकवून पाठ समतल करा, मग एकाच जाडीच्या ठोकळ्यावर पेन्सिल टेकवून चारही पायांभोवती रेघ फिरवा आणि त्या रेघेवर कापा. पायांत जास्तीचा इंच ठेवला तो याचसाठी.

आणि शेवटचा नियम, जो मला फळी देऊन शिकावा लागला : दोन घोड्यांच्या मधे कधी कापू नये. मधे कापलं की दोन्हीकडचं लाकूड आत झुकतं, खाच मिटते आणि करवत अडकते. कापायचा भाग घोडीच्या बाहेर काढावा, मग तो आपल्या वजनानं खाली जाऊन खाच उघडी ठेवतो. शेवटी मात्र त्याला डाव्या हाताचा आधार द्यावा. हा नियम मी हिला समजावून सांगितला तेव्हा ती म्हणाली, “दोघांच्या मधे करवत घालू नये, हे तुमच्या बहिणीलाही सांगा.” असो.

माझी जोडी आता गच्चीवर जिन्याखाली उभी असते. सोसायटीनं दुपारी दोन ते चार ठोकाठोक करायची नाही या अटीवर जागा दिली. त्या जोडीवर मी फळी पुन्हा चढवली. चिरलेला भाग दाबून चिकटवला, त्यावर डमरूच्या आकाराचे सागाचे दोन तुकडे खोबण करून आरपार बसवले. (पहिले सहा डमरू पाईनचे केले होते. ते कुठं गेले ते विचारू नका.) टेबल चार फुटांचं होणार होतं, साडेतीन फुटांचं झालं. मुलगी त्यावर अभ्यास करते. गणित अडलं की तिचं बोट नकळत त्या डमरूंवरून फिरत राहतं. वडील विचार करताना झोपाळ्याच्या कडीवरून असंच बोट फिरवायचे.

परवा तिसऱ्या पक्षाचे ते सभासद दारात आले. नवीन शेल्फ करायचं मनात आहे म्हणाले. जेवणाचं टेबल आता घरातून वापरू देत नाहीत, हेही म्हणाले. मला विजय झाल्यासारखं वाटलं. मी उदारपणे गच्चीची किल्ली पुढं केली.

“दोन नकोत हो,” ते म्हणाले, “एकच द्या. दुसऱ्या बाजूला खुर्ची आहे माझ्याकडे. पाच मिनिटांचं तर काम आहे.”