आमचं मत तुमच्या सातबाऱ्यावर नाही

काँग्रेसच्या नेत्यांनो आणि कार्यकर्त्यांनो,

हे पत्रक विरोधकांचं नाही. वर्षानुवर्षं तुमच्या पंजावर शिक्का मारत, नंतर बटण दाबत आलेल्यांचं आहे. आमच्यात कुणी युनियनमधले, कुणी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतले. बहुतेकांकडे कुठल्याच पक्षाची पावती नाही. दर निवडणुकीला तुम्ही आम्हाला सांगता, 'आधी भाजपला रोखू, बाकीचं नंतर बघू.' आणि आपसात म्हणता, 'ही पुरोगामी मंडळी जाणार कुठे?' तुमची सगळी दीर्घकालीन रणनीती या प्रश्नावर उभी आहे.

ते 'नंतर' येऊन गेलं. 1999 ते 2014, सलग पंधरा वर्षं राज्य तुमच्या आघाडीचं होतं. मुंबई दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल अमलात आणू म्हणालात. तो कपाटातच राहिला. मुस्लिमांना पाच टक्के आरक्षण दिलंत तेही 2014 च्या निवडणुकीच्या तोंडावर, वटहुकमाने, म्हणजे टिकलं नाही तर दोष दुसऱ्याचा. जादूटोणाविरोधी विधेयकासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर तुमच्याच मुख्यमंत्र्यांचे उंबरे झिजवत राहिले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला. म्हणजे काढता येत होता. वारकरी नाराज होतील, अमुक महाराज रागावतील, या धास्तीने तो अडला होता. ते नाराज झाले तर दुसरीकडे जातील. आम्ही कुठे जाणार होतो?

ही खोड जुनीच. साठच्या दशकात मुंबईतल्या लाल बावट्याचा जोर मोडायला शिवसेना हवी होती, म्हणून वसंतराव नाईकांच्या सरकारने तिच्याकडे कानाडोळा केला. लोक तिला 'वसंतसेना' म्हणायचे ते उगीच नाही. 1970 मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यांच्या जागेवर सेनेचा पहिला आमदार निवडून आला. गिरणगावातून कम्युनिस्ट हटले. काही वर्षांनी तुम्हीही हटलात. (2019 मध्ये तुम्ही सेनेच्या उद्धव ठाकऱ्यांबरोबर गेलात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तेव्हा ते करायलाच हवं होतं.)

तुम्ही यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाचे दाखले देता. त्यांनी शेकापमधून, समाजवाद्यांतून माणसं आणली, ती आपापली मतं घेऊन आली. त्या काळातल्या काँग्रेसमध्ये वि. स. पागेंसारखा माणूस रोजगार हमीचा विचार मांडू शकत होता. 1977 मध्ये त्याचा कायदा झाला आणि 2005 मध्ये देशाने तो कित्ता गिरवला. पुढे बेरीज उरली ती घराण्यांची. साखर कारखाना, जिल्हा बँक, कॉलेज ज्याच्या हातात, तालुका त्याचा आणि तिकीटही त्याचंच. सतरंज्या उचलणारा सतरंज्याच उचलत राहिला.

अशा घराण्यांना पक्ष म्हणजे सत्तेची गाडी. गाडी थांबली की ते उतरतात. विधानसभेतले तुमचे विरोधी पक्षनेते राधाकृष्ण विखे पाटील 2019 मध्ये थेट भाजप सरकारात मंत्री झाले. माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाणांनी फेब्रुवारी 2024 मध्ये एका दिवशी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी भाजपमध्ये गेले. त्यांना पाडायला नव्हे, निवडून आणायला आमच्यातले कितीतरी जण उन्हातान्हात फिरले होते.

आणि तरीही 2024 च्या लोकसभेला लोकांनी तुम्हाला एकावरून तेरा जागांवर नेलं. ते घराण्यांनी केलं नाही. दलित वस्त्यांनी, मुस्लिम मोहल्ल्यांनी, कांदा-सोयाबीनच्या भावाने पोळलेल्या शेतकऱ्यांनी केलं. संविधानाचा प्रश्न त्यांना स्वतःचा वाटला. त्या तेरा जागांचं तुम्ही काय केलंत? मुख्यमंत्री कोण यावर महिनोन्‌महिने वाद आणि जागावाटपाची ओढाताण. सरकारच्या 'लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार आले तेव्हा तुम्ही तीन हजारांची बोली लावलीत. आशाताईंचं मानधन, कंत्राटी भरती, बंद पडत चाललेल्या सरकारी शाळा यांवर बोलायला जागा होती; लिलावात मात्र तिजोरी ज्याच्या हातात तोच जिंकणार. विधानसभेत सोळा आमदार उरले. मतदारयाद्यांचे प्रश्न जरूर विचारा, आम्हीही विचारतो. पण दीडशे वर्षांकडे निघालेला पक्ष सोळावर आला याचा सगळा हिशेब यादीत सापडणार नाही.

शेवटचा धक्का जुलै 2025 चा. जनसुरक्षा विधेयक, म्हणजे आमच्यासारख्यांना 'शहरी नक्षल' ठरवायची सोय. संयुक्त समितीत तुमचे ज्येष्ठ नेते होते, तरी भिन्नमतपत्रिका आली नाही. 10 जुलैला विधानसभेत आवाजी मतदानाने ते मंजूर झालं, तेव्हा ठाम विरोध केला तो डहाणूचे माकपचे विनोद निकोले या एकट्या आमदाराने. तुमच्या सभात्यागाची बातमी आली ती दुसऱ्या दिवशी, विधान परिषदेतून.

तर आता आमचं सरळ म्हणणं. पक्ष सोडून गेलेल्याला परत घेतलंत तर निदान पाच वर्षं तिकीट देऊ नका. सभागृहात कोण हजर होता, कोण काय बोलला, हे तुमच्याच पक्षाने प्रत्येक अधिवेशनानंतर छापून वाटावं. तालुका समित्यांच्या निवडणुका मतपेटीने घ्या, नियुक्तीचं पत्र मुंबईहून नको. यातलं काहीच होणार नसेल तर आम्ही घरी बसणार नाही आणि नोटाही दाबणार नाही. घराण्याच्या उमेदवाराच्या प्रचाराला मात्र येणार नाही. आमच्या मोटारसायकली, आमची वर्गणी आणि रविवारची सुट्टी निकोलेंसारख्या उमेदवाराला मिळेल, मग त्याचं चिन्ह कुठलंही असो.