काळ्यापांढऱ्यातली आफ्रिका

रंग काढून घेतला की प्राणी भारदस्त दिसतो, यात वाद नाही. निक ब्रँट या छायाचित्रकाराच्या 'ऑन धिस अर्थ' (२००५) या पुस्तकातले पूर्व आफ्रिकेतील हत्ती आणि सिंह पाहावेत. टेलिफोटो लेन्स टाळून तो प्राण्यांच्या जवळ जाई. त्यामुळे मागचा माळ आणि आभाळही चौकटीत येते, आणि सिंह एखाद्या जुन्या घराण्यातल्या कर्त्या पुरुषाच्या तसबिरीसारखा दिसतो. आमची अडचण या तसबिरीपाशीच आहे. तसबीर बहुधा गेलेल्या माणसाची असते. (आपल्या माजघरांतल्या भिंती आठवाव्यात.) जिवंत प्राणी कृष्णधवल झाला की भूतकाळात जमा होतो, आणि पाहणाऱ्याच्या वाट्याला नुसती हळहळ उरते.

ब्रँटला हा शोक उसना आणावा लागला नाही. केनियातील अंबोसेली येथे २००७ मध्ये पाणी पिताना त्याने टिपलेला हत्ती २००९ मध्ये चोरट्या शिकाऱ्यांनी मारला. पुढच्याच वर्षी 'बिग लाइफ' ही संरक्षणसंस्था स्थापन करण्यात त्याने पुढाकार घेतला. २०११ च्या छायाचित्रात मारल्या गेलेल्या हत्तीचे सुळे घेऊन वनरक्षक उभा आहे. तेथे करडेपणा हा अलंकार राहत नाही. तो पंचनामा होतो.

सफारीवरून परतून संगणकावर एका कळीसरशी रंग उडवणाऱ्यांपाशी असे कोणते कारण असते? झेब्र्याचे एक वेळ ठीक, तो मुळातच कृष्णधवल! पण त्सावोचे हत्ती तिथली तांबडी माती अंगावर उडवून घेतात आणि विटकरी दिसतात. तो रंग पुसल्यावर छायाचित्रात उरतो तो कुठलाही हत्ती.