विश्लेषण : स्पीकर कानाने निवडावा की नावाने?

सॅमसंगच्या मालकीच्या हरमन कंपनीने २०२५ मध्ये ‘साउंड युनायटेड’ हा व्यवसाय ३५ कोटी डॉलरना घेतला. त्यामुळे जेबीएल, हरमन कार्डनच्या जोडीला बॉवर्स अँड विल्किन्स, डेनॉन, मरांट्झ, पोल्क ही नावेही एकाच छताखाली आली. पुणे जिल्ह्यात चाकणला हरमनचा वाहनांतील उपकरणांचा कारखाना आहे. मात्र ग्राहकापुढचा प्रश्न वेगळाच आहे : मालक एक, नावे अनेक, मग आवाजातला फरक ओळखायचा कसा?

दुकानातील तुलना का फसते?

दोन स्पीकरपैकी किंचित मोठा वाजणारा आपल्याला ‘चांगला’ वाटतो. म्हणून तुलनेआधी दोन्हींची पातळी सारखी करावी लागते. दुसरा गोंधळ वॅटचा. वॅट दुप्पट झाले, तर वाढ फक्त ३ डेसिबलची होते. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. खोक्यावरचा ‘पीएमपीओ’चा आकडा तर सोडूनच द्यावा, ‘आरएमएस’ पाहावा.

डोळे कानांना फसवतात?

होय. हरमनमधील संशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर दाखवून आणि पडद्याआड ठेवून, असे दोन्ही प्रकारे ऐकवले. स्पीकर दिसत असताना श्रोत्यांच्या पसंतीवर नाव आणि आकाराचा प्रभाव पडला. पडद्याआड पसंतीक्रम बदलला.

लवासातील घरात तोच स्पीकर वेगळा का वाजेल?

लवासातल्यासारख्या डोंगरावरील सुट्टीच्या घरात बहुधा फरशी, मोठ्या काचा आणि मोजके सामान असते. अशा खोलीत आवाज घुमतो, शब्द अस्पष्ट होतात. पाच मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ३४ हर्ट्झचा खर्ज काही जागी फुगतो, काही जागी गायब होतो. कोपऱ्यातला स्पीकर तो आणखी फुगवतो. सतरंजी, जाड पडदे आणि भिंतीपासून थोडे अंतर यांनी पडणारा फरक महागड्या अॅम्प्लिफायरने पडेलच असे नाही; ताकद पुरेशी असेल, तर दोन चांगल्या अॅम्प्लिफायरमधला फरक सहसा सूक्ष्म असतो.

मग काय करावे?

ओळखीचे गाणे, सारखी पातळी, न पाहता ऐकणे आणि शक्य असल्यास घरीच चाचणी. पैसे आधी स्पीकरवर आणि खोलीवर, मग उरलेल्यावर. रात्री दहानंतर निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हेही विसरू नये. शांत दरीत शेजाऱ्याला सगळे ऐकू जाते.